पळणारा माणूस उभाच दिसतो? ताठ मानवाकृतीची दुरुस्ती

कबड्डीचा चढाईपटू काढायला सांगितला की वहीत काय उतरणार हे मला आता पान उलटायच्या आधीच कळतं. चेहरा बरा, जर्सीवरचा नंबर झकास, बुटाच्या लेसपर्यंत सगळं जागच्या जागी. गडी मात्र जागचा हललेला नाही. शाळेतली मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रासाठी येतात, बारावीनंतरची बीएफएच्या, म्हणजे चित्रकलेच्या पदवीच्या, सीईटीसाठी, काही नोकरदार मंडळी कॉमिक काढायच्या हौसेपायी. वयं वेगळी, दोष तोच. तो इतक्या वेळा दुरुस्त करून झालाय की आधी कुठे हात घालायचा याचा क्रमच बसून गेलाय. फुकटचं आणि दोन मिनिटांचं काम आधी, महिने खाणारं शेवटी.

हा क्रम मोडू नका. ताठपणा दिसला की बहुतेक जण स्नायूंची नावं पाठ करायला बसतात. स्नायू चुकले म्हणून आकृती ताठ झाली, असं फार क्वचित सापडतं. अंगाचं वजन कुठे आहे हे ठरवायच्या आधीच नाक-डोळे सुरू होतात, खरी गोम तिथे असते. पहिल्या अर्ध्या मिनिटात निसटलेलं पुढच्या दोन तासांच्या शेडिंगने भरून निघत नाही.

लक्षणं

स्वतःची अलीकडची पाच-सहा रेखाटनं जमिनीवर मांडा आणि उभं राहून बघा. एकाच चित्रावरून निदान नको, एखादं कुणाचंही बिघडतं. सगळ्यांत सारखं काय आहे ते शोधा.

- पाय फाकलेले, हात वर-खाली, तरी माणूस पळत नाही. धड सरळसोट. (तपासणी ३, ५)
- आकृती कलंडते. उजवीकडे किंवा डावीकडे, आणि दर वेळी त्याच बाजूला. (२, ५)
- खांद्यांची रेघ आणि कंबरेची रेघ, दोन्ही कागदाच्या काठाला समांतर. हे सगळ्यात जास्त आढळणारं. (६)
- डोकं-छाती लांबुळकी, पाय आखूड, पावलं कागदाबाहेर. (१, ३)
- कच्चं रेखाटन जिवंत होतं, पक्कं करताना मेलं. (७)
- आपल्याकडे येणारा हात कोपरात तोडून चिकटवल्यासारखा. (८)
- फोटो समोर असला की जमतं, मनाने काढलं की लाकूड. (४, ६, ९)

एकाच वेळी तीन-चार लक्षणं असतील तरी सुरुवात पहिल्या तपासणीपासूनच करा. वरची दुरुस्ती झाली की खालची दोन-तीन लक्षणं आपोआप जातात.

१. बोर्ड उभा करा

टेबलावर आडव्या ठेवलेल्या कागदाचा वरचा भाग डोळ्यापासून लांब असतो, म्हणून तो चेपलेला दिसतो. हात नकळत तो भाग ताणून काढतो. मग कागद भिंतीला लावला की ताणलेलं उघडं पडतं आणि आपण म्हणतो, “काढताना तर बरोबर दिसत होतं!” दिसत होतंच. बोर्डाचं खालचं टोक मांडीवर आणि पाठ टेबलाच्या काठाला टेकवा. नजर कागदावर काटकोनात पडली पाहिजे. बोर्ड नसेल तर परीक्षेचं पॅड चालतं.

त्याच बैठकीत पेन्सिलची पकडही बघून घ्या. लिहिताना धरतो तशी पेन्सिल धरली की फक्त बोटं हलतात आणि बोटांची झेप दोन-तीन सेंटिमीटरची. कानापासून टाचेपर्यंतची रेघ एका दमात ओढायची तर कोपर आणि खांदा हलायला हवा. पेन्सिल तळव्याखाली आडवी धरा, आकृती निदान वीतभर उंच काढा, आणि एक लांब कमान न थांबता ओढून बघा. कमान तुटत तुटत आली तर दोष हाताच्या सवयीचा आहे. त्यावर उपाय म्हणजे रोज चित्राआधी पानभर कमानी, बस्स. टॅब्लेटवर काढणाऱ्यांनी झूम कमी ठेवावा, नाहीतर तिथेही बोटांनीच काढणं होतं.

२. चित्र आरशात बघा

डोळा स्वतःच्या चुकीला पटकन सरावतो. कागद उजेडासमोर धरून मागून बघा, किंवा फोटो काढून फोनमध्ये आडवा पलटवा. मूळ चित्रात न जाणवलेला कल पलटल्यावर एकदम टोचतो. दर चित्रात तो एकाच बाजूला असेल तर ती हाताची ओढ आहे, पोझचा त्यात दोष नाही. कागदाच्या मधोमध फूटपट्टीने एक फिकट उभी रेघ मारून मग चित्र सुरू करा. काही आठवड्यांत रेघेची गरज उरत नाही.

आता डोळे किलकिले करा, किंवा ट्रेसिंग पेपर ठेवून आकृती आतून पूर्ण काळी भरा. नुसत्या सावलीवरून काय चाललंय ते कळतंय का? चढाईपटूचा गडी टिपायला गेलेला हात छातीच्या आतच राहिला असेल तर बोटं कितीही सुंदर काढा, चढाई दिसणार नाही. हात धडाच्या बाहेर, मोकळ्या कागदावर यायला हवा. यासाठी पोझ थोडी फिरवून घ्यावी लागली तर खुशाल फिरवा.

३. पहिलं अर्धं मिनिट

पन्नास रुपयांच्या कार्ट्रिज पेपरवर कुणाचाही हात आखडतो. न्यूजप्रिंट घ्या, नाहीतर एका बाजूने छापलेली रद्दी. ६बी पेन्सिल किंवा कोळसा. खोडरबर दुसऱ्या खोलीत. फोनवर तीस सेकंदांचा टायमर लावा आणि एका पोझला तेवढाच वेळ द्या.

तीस सेकंदांत बाह्यरेषा होत नाही, आणि व्हायला नकोच. डोक्याचा एक अंडाकार, मग अंगभर धावणारी एक रेघ, मग छातीच्या पिंजऱ्याचा आणि पेल्व्हिसचा, म्हणजे कंबरेच्या हाडांचा, ठोकळा, शेवटी हातापायांच्या नुसत्या काड्या. या अंगभर धावणाऱ्या रेघेला आम्ही ॲक्शन लाइन म्हणतो. ती शरीराच्या कडेने जात नाही, आतून जाते. हात लांब टाकलेल्या चढाईपटूत ती बोटांच्या टोकापासून काखेतून, बरगड्यांच्या बाजूने, मागच्या पायाच्या टाचेपर्यंत एकच लांब कमान असते. ती आधी पडली की बाकीचे अवयव तिच्यावर बसवायचे. अवयव आधी काढून नंतर त्यांतून कमान काढता येत नाही, कारण प्रत्येक अवयव काढताना हात त्याला किंचित सरळ करतो आणि सगळ्यांचं मिळून उभं धड तयार होतं.

म्हणूनच समोर दिसतो त्याहून बाक थोडा जास्तच घ्या. चित्र पक्कं होता होता तो कमी होणारच असतो, ती घट आधीच धरून चाला.

डोकं मोठं होऊन पावलं कागदाबाहेर जाण्याचं दुखणंही इथेच बरं होतं. काही काढायच्या आधी डोक्याच्या वर एक आणि पावलांच्या खाली एक खूण करा. मधल्या अंतराचा मध्य म्हणजे साधारण जांघ, पण हे सरळ उभ्या माणसाला लागू. वाकलेल्या पोझमध्ये मध्य कुठे येतो ते डोळ्याने मोजा.

रोज वीस मिनिटं हे करून आकृत्या सैल झाल्या तर पुढचं वाचायची घाई करू नका. महिनाभर एवढंच पुरे.

४. फोटोच चुकीचा नाही ना?

मैत्रिणीला उभं करून फोनने फोटो काढला, तो बघून चित्र काढलं, आणि पाय आखूड आले. यात हाताचा दोष नसतो. फोनचा मुख्य कॅमेरा रुंद भिंगाचा असतो. जवळून, डोळ्याच्या उंचीवरून फोटो घेतला की जवळचं डोकं मोठं आणि लांबचे पाय बारीक येतात. पुढे आलेला हात तर राक्षसाचा होतो. चार-पाच मीटर मागे जा, दुप्पट झूम घ्या, फोन कंबरेच्या उंचीवर धरा.

दुसरी भानगड म्हणजे क्षणाची निवड. कॅमेरा कुठलाही क्षण पकडतो, पण प्रत्येक क्षण गतीचा वाटत नाही. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने दौडणाऱ्या घोड्याचे ओळीने फोटो घेतले, तेव्हा चारही पाय पसरून हवेत तरंगणारे चित्रकारांचे घोडे खोटे ठरले. घोडा अधांतरी असतो तेव्हा त्याचे पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. खरं काय ते कळलं, पण पसरलेल्या पायांचा घोडा बघणाऱ्याला जास्त वेगवान वाटायचा, हेही खोटं नव्हतं. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच की हालचालीच्या मधला क्षण बहुधा मरगळलेला दिसतो. गोलंदाजाचा हात पूर्ण मागे गेलेला, किंवा चेंडू सुटून हात खाली पार आलेला, ही दोन टोकं बोलतात. म्हणून फोटोऐवजी स्लो मोशन व्हिडिओ घ्या आणि टोकाची फ्रेम थांबवून काढा. मैदानावरच्या अनोळखी मुलांचा व्हिडिओ घेण्याआधी विचारून घ्या, हे सांगायला नकोच.

५. ओळंबा टाका

खर्च एका दोऱ्याचा आणि एका नटाचा. गवंडी भिंतीला लावतो तसा ओळंबा करा आणि तो चित्रातल्या गळ्याखालच्या खळगीवर धरा. हासळीची दोन हाडं जिथे भेटतात ती ही खळगी. दोरा खाली कुठे पडतो ते बघा.

स्थिर उभा माणूस दोन्ही पायांवर सारखा असेल तर दोरा दोन पावलांच्या मधे पडतो. वजन एका पायावर असेल तर त्या पायाच्या घोट्याजवळ. तिसरीकडेच पडला तर चित्रातला माणूस पडतो आहे, मग तुम्ही तसं ठरवलेलं असो वा नसो. उलटपक्षी, नुकत्याच सुटलेल्या धावपटूच्या चित्रात दोरा टेकलेल्या पायाच्या बराच पुढे पडायला हवा. पडतोय म्हणूनच तर तो पुढचं पाऊल टाकतोय. दोरा बरोबर पावलावर आला की पळणारा थांबतो, आणि हेच ते ‘जागचा हललेला नाही’. एकदा वेग पकडला की धड बरंचसं ताठ होतं, म्हणून लांब पल्ल्याचा धावपटू सुरुवातीच्या झेपेइतका वाकवू नका. वेगात येऊन थांबणाऱ्याचं उलट: पाय पुढे रोवलेला, कंबर खाली, धड मागे, आणि दोरा पावलाच्या मागे.

चढाईतला पायाने गडी टिपायचा डाव घेऊ. जागेवर करून बघा, पण शेजारी भिंत किंवा खुर्ची असू द्या. डाव्या पायावर खाली बसा, उजवा पाय बाजूला लांब सरकवा, अंगठ्याचं टोक जमिनीला टेकवा. आता डोकं कुठे आहे? दुमडलेल्या डाव्या गुडघ्याच्या आसपास, आणि डावी टाच बहुतेक उचलली गेलेली. आता डोकं लांब केलेल्या पायाकडे हळूहळू न्यायचा प्रयत्न करा. ठरावीक जागेनंतर हात जमिनीला टेकवावाच लागतो. मुलांच्या चित्रांत मात्र डोकं दोन पायांच्या बरोबर मधोमध असतं, कारण कागदावर तिथे जागा नीटस दिसते. लांब केलेला पाय हलका असतो, त्यावर भार नसतो, म्हणून तो सरळ, ताणलेला आणि बारीक काढायचा. सगळा भार दुमडलेल्या पायावर: तिथे मांडी-पोटरी एकमेकींवर दाबून चपट्या होतात, पावलाची बोटं फाकतात, कोळसाही तिथेच जोरात दाबायचा. रेघेच्या वजनातला एवढा फरक केला तरी पोझ अर्धी सुधारते.

लटकणाऱ्या आकृतीसाठी ओळंबा वरून धरायचा. दोरीच्या मल्लखांबावर पकड असते तिथून तो सोडला की शरीराचा मोठा भार त्याच्या दोन्ही बाजूंना वाटला गेलेला दिसला पाहिजे. पुरलेल्या मल्लखांबाला हा नियम तसाच लावू नका. तिथे मांड्यांची आवळ धड बाहेर तोलून धरते.

६. दोन तिरप्या रेघा

माझ्या मते सगळा ताठपणा शेवटी इथे येऊन थांबतो, म्हणून इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

आरशासमोर उभे राहा. पट्टा जिथे अडकतो त्या कंबरेच्या दोन हाडांवर तर्जन्या ठेवा आणि वजन उजव्या पायावर टाका. उजवं बोट वर गेलं, डावं खाली आलं. खांदे बघा: डोकं पायावर तोलून धरायला उजवा खांदा खाली आलाय. दोन रेघा उलट दिशांना तिरप्या झाल्या. आपल्या शिल्पांतला त्रिभंग, म्हणजे अंगाला तीन ठिकाणी बाक दिलेली उभी पोझ, याच हिशेबावर उभा आहे. आता कंबरेकडे बघा. उजव्या बाजूला, जिथे खांदा आणि कंबर जवळ आलेत, तिथे कातडीला घडी पडलीये. डाव्या बाजूला काखेपासून कंबरेपर्यंत लांब ताण आहे. चित्रात घडीची बाजू आखूड, तुटक रेघांनी काढा आणि ताणाची बाजू एकाच लांब रेघेने. दोन्ही बाजूंना सारख्या कमानी काढल्या की मधे धड न राहता फुलदाणी राहते.

नियम म्हणून हे घोकू नका. चढाईपटूने हात वर टाकला असेल तर त्या बाजूचा खांदा हाताबरोबर वर जातो, मग वजन कुठल्याही पायावर असो. बघायचं एवढंच की दोन रेघा एकमेकींना समांतर नसाव्यात, आणि असल्याच तर तुम्हाला त्याचं कारण सांगता आलं पाहिजे.

वारली चित्रातला माणूस आठवा: टोकाला टोक भिडवलेले दोन त्रिकोण, वरचा छातीचा, खालचा कंबरेचा. तारपा नाचातली माणसं काढताना वारली चित्रकार हे त्रिकोण कलते करतात आणि काडीच्या हातापायांची आकृती नाचायला लागते. ना स्नायू, ना छायाभेद. शाळेत बॉर्डर म्हणून वारली माणसं काढणारी मुलं ती मजेत नाचवतात, आणि तीच मुलं ‘खरा’ माणूस काढताना दोन्ही त्रिकोण एकमेकांवर सरळ रचतात. म्हणून कबड्डीची पोझ आधी वारलीत काढा, त्रिकोणांचा कल पक्का करा आणि त्याच्यावरच छाती-कंबर बसवा. याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

कल जमला की पीळ. धावताना डावा पाय पुढे तर उजवा हात पुढे. म्हणजे कंबर एकीकडे वळते आणि छाती दुसरीकडे. गळ्याच्या खळगीपासून बेंबीपर्यंत आणि तिथून जांघेपर्यंत मधली रेघ ओढा. समोरून ती सरळ आली असेल तर पीळ नाही. शर्ट घातलेल्या माणसात बटणांची पट्टी हेच काम करते. एकाच बाजूचा हात आणि पाय पुढे, ही चूकही इथेच सापडते. सावकाश तपासली तरच दिसते, कारण चित्र वरवर ठीक वाटत राहतं.

सरावाला वर्तमानपत्राचं क्रीडा पान पुरतं. लाल स्केचपेन घ्या आणि प्रत्येक खेळाडूवर तीन रेघा: खांदे, कंबर, मधली. आठवडाभरात पान हातात आलं की रेघा आपोआप दिसायला लागतात. वेरूळला गेलात तर सोळाव्या लेण्यात, कैलासात, रावण कैलास पर्वत हलवतोय तो शिल्पपट शोधा आणि अर्धा तास तिथेच बसा. शिव निवांत, पार्वती त्याच्याकडे कललेली, मागे दासी पळत सुटलेली, खाली रावण पाठ लावून ढकलतोय. एकाच दगडात स्थिर, कलतं, पळतं आणि जोर लावणारं, चारही धडं. नुसत्या खांद्या-कंबरेच्या रेघा वहीत उतरवून आणल्या तरी फेरी वसूल.

७. कच्चं जिवंत, पक्कं मेलं

ट्रेसिंग पेपरवर कच्च्यातल्या खांद्या-कंबरेच्या रेघा उतरवा आणि पक्क्यावर ठेवा. पक्क्यात त्या हमखास आडव्याच्या जवळ सरकलेल्या असतात. साफसूफ करताना हात टापटीप शोधतो आणि कल पुसून टाकतो. पक्कं करताना कच्चं खाली ठेवून फक्त कडा गिरवू नका. आतली रेघ पुन्हा एकदा जोरात ओढा आणि मग बाह्यरेषा.

दुसरं कारण, हातापायांच्या दोन्ही कडा सारख्या फुगवणं. शरीरात फुगवटे समोरासमोर येत नाहीत. पोटरीचा बाहेरचा फुगवटा वर असतो, आतला जरा खाली. घोट्यांचं उलट, आतला वर आणि बाहेरचा खाली. एवढं पाळलं तरी पाय पाइपासारखा दिसायचा थांबतो.

८. आपल्याकडे येणारा हात

फोरशॉर्टनिंगमध्ये, म्हणजे आपल्याकडे रोखलेला अवयव आखूड दिसतो तेव्हा, डोळा खरं सांगतो आणि मेंदू आडवा येतो. हात लांब असतो हे ठाऊक असल्यामुळे तो लांब काढला जातो. बाहीवर चार रबरबँड चढवा, किंवा मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या घाला, आणि आरशासमोर हात हळूहळू आरशाकडे न्या. हात आडवा असताना बांगड्या जवळपास सरळ रेघा दिसतात. आरशातला हात तुमच्याकडे वळत जातो तशा त्या गोल होत जातात आणि एकमेकींवर चढतात. मनगट जवळ आणि कोपर लांब असेल तेव्हा बांगडीची दिसणारी कड कोपराच्या बाजूला फुगते. हात लांब गेला की फुगवटा मनगटाकडे. चित्रात हात तुटका वाटतोय तिथे फिकट बांगड्या काढा. वळण उलटं पडलेलं सापडेल.

मग जवळची वस्तू आधी काढा: मूठ पूर्ण, तिच्यामागून निघणारा हात, त्याच्यामागे दंड. मूठ-कोपर-खांदा यांच्यातलं अंतर पेन्सिल डोळ्यासमोर धरून मोजा. मोजमाप मनाला पटणार नाही. मोजमापाचं ऐका.

९. हाडं

इथवर सगळं तपासूनही ताठपणा उरला असेल तरच शरीरशास्त्र. आणि तेही सगळं नाही. उभा प्रौढ माणूस सुमारे साडेसात डोक्यांचा, हे सगळ्यांना पाठ असतं. वाकलेल्या पोझमध्ये त्याचा फार उपयोग होत नाही. तिथे अवयवाला अवयव लावून मोजा. पाऊल जवळपास कोपरापासून मनगटाएवढं, तळहात-बोटं मिळून हनुवटीपासून केसांच्या रेषेएवढी. पूर्ण उकिडवं बसलं की टाच ढुंगणाजवळ येते, म्हणजे मांडी आणि नडगी फार वेगळ्या लांबीच्या असूच शकत नाहीत.

एक हाड मात्र नीट शिका: खांद्याचं पातं. हात पूर्ण वर जातो तेव्हा साधारण एक तृतीयांश हालचाल या पात्याच्या फिरण्याने होते, हासळीचं बाहेरचं टोकही वर चढतं. हात वर आणि खांदा जागेवर, असं काढलं की हात खिळ्याने ठोकलेला दिसतो. लेझीम, गोविंदा, गोलंदाजी, वर गेलेल्या हाताचं कुठलंही चित्र याच पात्यावर अडतं. त्यानंतर पेल्व्हिस, मग गुडघा. या कामाला महिने लागतात.

इथे थांबा, जाणकाराकडे जा

महिना-दोन महिने नियमित करूनही तोच दोष त्याच जागी येत असेल तर आणखी वह्या भरू नका. चुकीचीच सवय घट्ट होते. बाहेरचा डोळा हवा. चांगला शिक्षक तुमच्या शेजारी बसून तुम्ही काढताना बघतो; दोष बहुतेक वेळा चित्र संपायच्या कितीतरी आधी, तिसऱ्या-चौथ्या रेघेला घडतो आणि तयार चित्रात त्याचा माग राहत नाही. प्रवेशपरीक्षा तोंडावर आली असेल तरी सरळ क्लास गाठा, एकट्याने क्रम लावत बसायला वेळ नाही.

फोटोवरून येतंय पण जिवंत माणसावरून येत नाही, अशी अडचण असेल तर मॉडेल बसणारा वर्ग शोधा. १८५७ पासूनच्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टसारख्या संस्थांत हा अभ्यासक्रमाचा भाग असतो. बाहेरही चित्रकार मंडळी पैसे जमवून मॉडेल बोलावतात, तिथे विचारून बघा. घरच्या कुणाला कठीण पोझमध्ये ताटकळत ठेवू नका, आणि मल्लखांब किंवा दहीहंडीच्या थराची पोझ ‘समजून घ्यायला’ घरी करून तर अजिबात बघू नका. त्यासाठी आखाड्यात जा, सराव बघा, तिथेच काढा.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येत असतील, विशेषतः रात्री, किंवा मनगटाचं दुखणं आठवडाभर विश्रांती देऊनही जात नसेल तर पेन्सिल खाली ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. पकड बदलून, पट्टा बांधून चालवून घेण्याची ही गोष्ट नाही.

शिक्षकाकडे जाताना निवडक चांगली चित्रं नेऊ नका. तीस सेकंदांच्या रद्दीचा गठ्ठा न्या, तारखेच्या क्रमाने, फसलेली पानं न काढता.